वेब फ्रेमवर्कची निवड आणि प्रोग्रॅमिंगवरचं लेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲपचा तयार सांगाडा, निवडणं आणि प्रोग्रॅमिंगबद्दल स्पष्ट लिहिणं हे दोन विषय सहसा वेगवेगळे शिकवले जातात. इथे ते मुद्दाम एकत्र घेतले आहेत. आपण अमुक फ्रेमवर्क का घेतलं हे चार साध्या वाक्यांत लिहिता येत नसेल, तर निवड अजून झालेलीच नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्या फ्रेमवर्कच्या कर्त्यांना आपलं काम नीट लिहून सांगता येत नाही, त्याच्या भरवशावर अनेक वर्षं चालणारा प्रकल्प उभारू नये.

सगळ्यात चांगलं फ्रेमवर्क कोणतं?

प्रकल्प माहीत नसताना याचं उत्तर देता येत नाही. ते कोण बांधणार, किती वर्षं चालवायचं आणि वापरणारा माणूस पानावर नेमकं काय करणार, एवढं कळलं की बहुतेक पर्याय आपोआप गळतात.

फ्रेमवर्क आणि लायब्ररी यांत फरक काय?

लायब्ररीतलं फंक्शन तुम्ही हवं तेव्हा बोलावता. फ्रेमवर्कमध्ये उलट असतं. सर्व्हरवर रिक्वेस्ट आली की फ्रेमवर्क पत्ता वाचतं, वापरकर्ता कोण ते तपासतं आणि मग तुमच्या कोडला बोलावतं. कामाचा क्रम त्याच्या हातात असतो, तुम्ही मधल्या जागा भरता. त्यामुळे तारखा दाखवणारी एखादी लायब्ररी बदलणं हे किरकोळ काम असतं, पण फ्रेमवर्क बदलणं म्हणजे बहुधा ॲप नव्यानं लिहिणं. निवडीवर वेळ घालवायचा तो यासाठी.

ब्राउझरमधले पडदे बनवण्याच्या रिॲक्ट या साधनाचे कर्ते त्याला लायब्ररी म्हणतात. व्यवहारात मात्र त्याच्याभोवती राउटर (कोणत्या पत्त्यावर काय दाखवायचं ते ठरवणारा भाग), डेटा आणणारी साधनं आणि बिल्डची, म्हणजे लिहिलेला कोड चालवण्याजोगा करण्याची, व्यवस्था जमा होते. तो सगळा संच बदलायला फ्रेमवर्कइतकाच जड जातो, तेव्हा निवडतानाही त्याला फ्रेमवर्कच समजावं.

फ्रेमवर्कशिवाय चालणार नाही का?

चालतं. माहितीची चार पानं असतील, फॉर्म नसेल, लॉगिन नसेल, तर साधं एचटीएमएल आणि सीएसएस पुरे. तिथे फ्रेमवर्क आणणं म्हणजे नसलेलं काम ओढवून घेणं.

पण लॉगिन आलं, लोकांकडून माहिती घेऊन डेटाबेसमध्ये ठेवायची वेळ आली, की चित्र बदलतं. डेटाबेसला जाणाऱ्या आज्ञेत घातक मजकूर घुसवण्याचा एसक्यूएल इंजेक्शन हल्ला, दुसऱ्याच्या पानावरून गुपचूप फॉर्म पाठवण्याचा सीएसआरएफ हल्ला, मजकुरातून स्क्रिप्ट घुसवण्याचा एक्सएसएस हल्ला, पासवर्ड सुरक्षित साठवणं, सेशन संपवणं, हे सगळं हातानं बरोबर लिहिणं फार कठीण आहे. शिवाय चूक झाली तर ती पटकन दिसतही नाही. जँगो, रेल्स, लाराव्हेल या फ्रेमवर्कमध्ये हे बंदोबस्त आधीपासून असतात आणि हजारो लोकांच्या नजरेखालून गेलेले असतात. फ्रेमवर्क घेण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच. वेळ वाचतो हा दुय्यम फायदा.

निवडीची सुरुवात कुठून करायची?

कोऱ्या पानावरून. फ्रेमवर्कचं नावही न घेता ॲप काय करणार ते लिहून काढा. समजा एका ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचं ॲप करायचं आहे. ‘आधुनिक, वेगवान आणि वाढवता येण्याजोगी प्रणाली’ असं लिहिलंत तर त्यातून काहीच ठरत नाही. उलट हे पाहा: ‘कर्मचारी सभासदाचा क्रमांक टाकतो, त्याच्याकडची पुस्तकं दिसतात, परत आलेल्या पुस्तकावर खूण करतो. सभासद घरून पुस्तक राखून ठेवू शकतो. मुदत उलटली की रात्री ईमेल जातं. महिन्याचा अहवाल छापता येतो.’

या चार वाक्यांत निवडीचा बराचसा भाग उरकला. काम फॉर्मचं आणि तक्त्यांचं आहे. एकमेकांशी जोडलेल्या नोंदी आहेत, म्हणजे पोस्टग्रेसक्यूएलसारखा रिलेशनल डेटाबेस हवा. रात्रीची ईमेल म्हणजे पार्श्वभूमीला चालणारी कामं आली. कर्मचारी आणि सभासद यांचे अधिकार वेगळे आहेत. पडद्यावर क्षणाक्षणाला आपोआप बदलणारं काही नाही, त्यामुळे ब्राउझरमध्ये जड जावास्क्रिप्टची गरज दिसत नाही.

मग त्याखाली दुसरी यादी करा: हे लिहिणार कोण, त्यांना कोणती भाषा येते, ते सोडून गेले तर पुढे सांभाळणार कोण, सर्व्हर कुठे आहे. टीमला पायथॉन येत असेल तर जँगोकडे आधी पाहायचं, पीएचपी येत असेल तर लाराव्हेलकडे. नवी भाषा शिकण्याची हौस असेल तर तीही प्रामाणिकपणे यादीत लिहा. ते वैध कारण आहे, फक्त ते तांत्रिक कारणाच्या वेषात येऊ नये.

जँगो, रेल्स, फ्लास्क, एक्सप्रेस, लाराव्हेल, स्प्रिंग: यांचे स्वभाव कसे ओळखायचे?

प्रत्येकाचा जन्म कुठे झाला ते पाहिलं की स्वभाव बराच उलगडतो.

जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या वेब विभागात घडलं आणि २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं. वृत्तपत्रात बातमी तासाभरात पानावर यावी लागते आणि ती टाकणारा माणूस प्रोग्रॅमर नसतो. जँगोमध्ये माहिती भरण्याचा ॲडमिन विभाग जवळपास आयता मिळतो, त्याचं मूळ इथे आहे. वरच्या ग्रंथालयाच्या ॲपमध्ये पुस्तकांची सूची भरण्याचं काम त्या ॲडमिनवरच भागेल.

रुबी ऑन रेल्स डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकँप हे ॲप बनवताना त्यातून वेगळं काढलं आणि २००४ मध्ये खुलं केलं. आधी खरं ॲप, मग त्यातून फ्रेमवर्क, असा क्रम. रेल्सचा आग्रह असा की जिथे सर्वांची गरज सारखीच असते तिथे प्रत्येकानं वेगळं काही ठरवत बसू नये. टेबलाचं नाव, फाइलची जागा, सगळं संकेतानं ठरलेलं. संकेत पटले तर काम झपाट्यानं होतं. पावलोपावली त्यांच्याशी भांडावं लागत असेल तर रेल्स तुमच्यासाठी नाही.

पायथॉनचं फ्लास्क आणि नोडवरचं (नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवण्याची सोय) एक्सप्रेस ही दोन्ही २०१० ची, आणि दोन्ही मुद्दाम लहान ठेवलेली. डेटाबेस कसा वापरायचा, लॉगिन कसं करायचं हे तुम्हीच ठरवायचं. लहान सेवेसाठी, एखाद्या एपीआयसाठी (दुसऱ्या प्रोग्रॅमनं माहिती मागण्याच्या दारासाठी) हे छान. मोठ्या ॲपमध्ये मात्र वर्षभरानं तुमचं स्वतःचं, कुठेच न लिहिलेलं फ्रेमवर्क तयार झालेलं असतं आणि नव्या माणसाला ते समजावून सांगणारं डॉक्युमेंटेशन कुणी लिहिलेलं नसतं. ‘हलकं आहे’ या एका गुणावर निवड करणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा.

लाराव्हेल टेलर ऑटवेल यांनी २०११ मध्ये आणलं. पार्श्वभूमीला करायच्या कामांच्या रांगा, ईमेल, लॉगिन, सगळं एकाच शैलीत मिळतं. जावाच्या स्प्रिंगची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ ची. मोठ्या संस्थांत, अनेक टीम मिळून लिहितात अशा प्रणालींत ते मुरलेलं आहे. २०१४ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूटमुळे त्याची सुरुवातीची मांडामांड पुष्कळ कमी झाली.

ब्राउझरच्या बाजूला रिॲक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलर लागतंच का?

नाही. पडद्यावरचा एक भाग बदलला की दुसरे पाच भाग लगेच बदलायला हवेत, अशा ॲपला त्यांचा खरा उपयोग होतो: नकाशे, चित्र संपादन, अनेकांनी एकाच वेळी लिहायचा दस्तऐवज. रिॲक्ट फेसबुकमधून २०१३ मध्ये खुलं झालं, व्ह्यू इव्हान यू यांनी २०१४ मध्ये आणलं. दोन्हींमागे हीच अडचण होती.

याची किंमतही आहे. वापरकर्त्याच्या फोनला आधी जावास्क्रिप्ट उतरवून चालवावं लागतं. माहितीची एक प्रत सर्व्हरवर आणि दुसरी ब्राउझरमध्ये राहते, आणि दोन्ही जुळत्या ठेवणं हे कायमचं काम होऊन बसतं. मागे जाण्याचं बटण, पानाचा पत्ता, फॉर्ममधल्या चुका दाखवणं, ब्राउझर जे आपण होऊन करतो ते पुन्हा लिहावं लागतं. फॉर्म आणि तक्त्यांच्या ॲपसाठी सर्व्हरवर तयार झालेलं एचटीएमएल पाठवणं हीच माझी पहिली शिफारस. थोडी हालचाल हवी असेल तर एचटीएमएक्ससारखं छोटं साधन किंवा थोडं हातानं लिहिलेलं जावास्क्रिप्ट पुरतं.

वेगाच्या चाचण्यांचे आकडे पाहून ठरवावं का?

त्या चाचण्या बहुतेकदा रिकाम्या किंवा अगदी साध्या उत्तराचा वेग मोजतात. खऱ्या ॲपमध्ये वेळ जातो तो डेटाबेसमध्ये. पन्नास पुस्तकांची यादी दाखवताना प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी वेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारणा, गेली, तर एका पानासाठी ५१ क्वेरी होतात. यालाच एन प्लस वन अडचण म्हणतात. कितीही वेगवान फ्रेमवर्क घेतलं तरी ती अडचण तशीच राहते. त्यापेक्षा कोणत्या क्वेरी गेल्या ते फ्रेमवर्क सहज दाखवतं का, आणि जोडलेल्या नोंदी एकदम आणायची सोय देतं का, हे तपासा.

लोकप्रियता किती मोजायची?

थोडीच. अडलेल्या प्रश्नाचं उत्तर सापडावं आणि काम जाणणारी माणसं मिळावीत, एवढी असली की पुरे. कोड ठेवण्याच्या गिटहब या साइटवरचे तारे कौतुक दाखवतात, वापर नव्हे. त्यापेक्षा मागच्या वर्षभरातल्या आवृत्त्यांच्या तारखा आणि सुरक्षेच्या त्रुटी किती दिवसांत दुरुस्त झाल्या ते पाहा. लायसन्सही वाचा. रिॲक्टच्या लायसन्समधल्या पेटंटच्या कलमावरून मोठा वाद झाला होता, आणि २०१७ मध्ये रिॲक्ट एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आणावं लागलं.

निवडलेलं फ्रेमवर्क पुढे बंद पडलं किंवा पार बदललं तर?

असं घडलेलं आहे. गुगलचं अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं आणि खूप पसरलं. २०१६ मध्ये आलेलं अँग्युलर २ हे त्याचं पुढचं पाऊल नव्हतं, ते नव्यानं लिहिलेलं वेगळं फ्रेमवर्क होतं. जुन्या अँग्युलरजेएसचं पाठबळ २०२१ च्या अखेरीस संपलं. ज्यांची मोठी ॲप्स त्यावर होती, त्यांच्यापुढे कष्टाचं स्थलांतर किंवा सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना राहणं एवढेच मार्ग उरले. व्ह्यू २ चं पाठबळही २०२३ च्या अखेरीस थांबलं, पण व्ह्यू ३ कडे जाण्याची वाट त्या मानानं सोपी होती.

म्हणून पाठबळाचं वेळापत्रक आधी वाचा. जँगोच्या एलटीएस (दीर्घ पाठबळाच्या) आवृत्तीला ३ वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. लाराव्हेलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला त्या २ वर्षं मिळतात. या तारखा कामाच्या दिनदर्शिकेत मांडून ठेवाव्यात आणि अपग्रेडसाठी वेळ आधीच राखावा.

फ्रेमवर्कसोबत येणाऱ्या पॅकेजांकडेही, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडकडेही, लक्ष हवं. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारावरून काढून घेतलं गेलं आणि जगभरातल्या असंख्य प्रकल्पांचे बिल्ड अडले. त्यांपैकी अनेकांना आपण ते वापरतो हेही ठाऊक नव्हतं, कारण ते दुसऱ्या पॅकेजच्या आतून आलेलं होतं.

डॉक्युमेंटेशन चांगलं आहे हे कसं पारखायचं?

ही पारख मी सर्वांत वर ठेवतो. पुढची अनेक वर्षं रोज तुम्ही त्या लेखनासोबत घालवणार असता.

चांगल्या डॉक्युमेंटेशनमध्ये चार प्रकारचं लेखन वेगवेगळं ठेवलेलं असतं. नवख्याला हात धरून नेणारं ट्युटोरियल, ‘फाइल अपलोड कशी करायची’ अशा एका कामाची कृती, प्रत्येक पर्यायाची नोंद असलेला संदर्भ, आणि ‘हे असं का केलं’ याचं विवेचन. डॅनिएले प्रोचिदा यांनी ही मांडणी डायटॅक्सिस या नावानं केली आहे आणि ती मनापासून अभ्यासण्यासारखी आहे. चारही एकत्र कालवले की ट्युटोरियलच्या मधेच सतरा पर्यायांची यादी येते, आणि नवखा माणूस तिथेच थांबतो.

पारखायचं कसं? आपल्या पानावरचं एक अवघड वाक्य घ्या, उदाहरणार्थ ‘मुदत उलटली की रात्री ईमेल जातं’. केवळ अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचून ते करून पाहा. मग मुद्दाम एक चूक करा: डेटाबेसचा पासवर्ड चुकवा, फॉर्मचं एक रकाना-नाव बदला. आलेली एरर वाचा. कुठे बिघडलं आणि काय करून पाहावं हे ती सांगते का? शेवटी मागच्या मोठ्या आवृत्तीवरून अपग्रेड करण्याचं पान उघडा. काय मोडेल ते तिथे सरळ लिहिलेलं असेल तर कर्ते तुमच्या वेळेची कदर करतात.

नावं हाही लेखनाचाच भाग. रिॲक्टमध्ये कच्चं एचटीएमएल पानात घालायचं असेल तर ‘डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल’ असं लांबलचक नाव लिहावं लागतं. धोका नावातच सांगितलेला आहे आणि कोड तपासणाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही. मला हे उत्तम तांत्रिक लेखनाचं उदाहरण वाटतं.

दोन पर्याय तुल्यबळ वाटले तर?

टीमला येतं ते घ्या. दोन्ही येत असतील किंवा दोन्ही येत नसतील, तर ॲपमधला सर्वांत अवघड तुकडा दोन्हींत करून पाहा आणि तो सर्व्हरवर चढवूनही पाहा. सोपे तुकडे सगळीकडे सोपेच असतात, त्यावरून काही कळत नाही.

निर्णय लिहून का ठेवायचा?

दोन वर्षांनी कुणीतरी विचारणारच की हे का घेतलं. तेव्हा ठरवणारा माणूस तिथे नसेल, असला तरी त्याला आठवणार नाही. मायकल नायगार्ड यांनी २०११ मध्ये अशा नोंदींचा एक सुटसुटीत साचा सुचवला: शीर्षक, परिस्थिती, निर्णय, सद्यस्थिती आणि परिणाम. आपल्या ग्रंथालयासाठी ती नोंद अशी होईल:

‘परिस्थिती: देवघेव वहीत होते. ॲप लिहिणाऱ्या दोघांना पायथॉन येतं, जावास्क्रिप्ट जेमतेम येतं. निर्णय: जँगोची एलटीएस आवृत्ती, पोस्टग्रेसक्यूएल, पानं सर्व्हरवर तयार करायची. सद्यस्थिती: मान्य. परिणाम: सूचीसाठी वेगळा पडदा लिहावा लागणार नाही. पुढे मोबाइल ॲप हवं झालं तर एपीआय वेगळा लिहावा लागेल. दर तीन वर्षांच्या आत अपग्रेड करावंच लागेल.’

परिणामांत तोटेही लिहिले आहेत, हे पाहा. तोटा सापडत नसेल तर विचार अपुरा झालेला असतो. ही नोंद कोडसोबत त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ठेवावी. वेगळ्या जागी ठेवलेली नोंद कुणी उघडत नाही.

प्रोग्रॅमिंगवर लेख लिहायचा आहे. सुरुवात कशी करू?

लेखाआधी दोन वाक्यं स्वतःसाठी लिहा: वाचकाला आधीच काय येतं, आणि लेख संपल्यावर त्याला काय करता यायला हवं. पहिलं वाक्य नसेल तर एका परिच्छेदात व्हेरिएबल म्हणजे काय ते सांगितलं जातं आणि पुढच्यात मिडलवेअर गृहीत धरलं जातं. लेखाची सुरुवात संगणकाच्या इतिहासापासून करू नका. वाचक अडला आहे म्हणून आला आहे, त्याची अडचण पहिल्या परिच्छेदातच ओळखीची वाटली पाहिजे.

कोडची उदाहरणं कशी द्यावीत?

रिकाम्या फोल्डरमध्ये, लेखातल्याच सूचनांनी चालतील अशी. छापण्याआधी स्वतः तसं करून बघा. आपल्या संगणकावर आधीपासून काय काय बसवलेलं आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि नेमकी तीच पायरी लेखातून सुटते.

कोड चालवल्यावर काय दिसायला हवं तेही द्या, म्हणजे वाचकाला आपण वाटेवर आहोत हे कळतं. कोड आणि एरर चित्र म्हणून देऊ नका. चित्रातून मजकूर घेता येत नाही, शोधता येत नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाला ते कळत नाही. व्हेरिएबलला ‘अ’ आणि ‘ब’ म्हणण्यापेक्षा ‘सभासद’ आणि ‘परतीची तारीख’ म्हटलं की निम्मं समजावणं वाचतं.

एका गोष्टीला लेखभर एकच नाव द्या. ललित लेखनात तोच शब्द पुन्हा आला तर खटकतो, पण इथे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या एकाच फंक्शनला पहिल्या परिच्छेदात ‘व्ह्यू’ (इथे त्या नावाचं फ्रेमवर्क नव्हे), दुसऱ्यात ‘हँडलर’ आणि तिसऱ्यात ‘कंट्रोलर’ लिहिलंत तर वाचक तीन वस्तू शोधत बसेल.

‘हे अगदी सोपं आहे’ असं लिहिलं तर वाचकाला धीर येत नाही का?

ज्याला जमलं त्याला त्या वाक्याची गरज नव्हती. ज्याला जमलं नाही त्याला आपल्यातच काही कमी आहे असं वाटतं. ‘फक्त’, ‘साहजिकच’, ‘नुसतं’ हे शब्दही शोधून काढून टाका. धीर द्यायचाच असेल तर कुठे अडेल ते आधी सांगा.

दोन फ्रेमवर्कची तुलना करणारा लेख न्याय्य कसा होईल?

दोन्हींत तेच काम करून दाखवा आणि आवृत्त्या नमूद करा. तुम्ही एक रोज वापरता आणि दुसरं या लेखासाठी शिकलात, तर ते पहिल्या परिच्छेदात लिहा. एकाचा सरावलेला कोड आणि दुसऱ्याचा नवखा कोड शेजारी ठेवले तर निकाल आधीच ठरलेला असतो.

लेख जुना होतो, त्याचं काय करायचं?

तारीख आणि आवृत्ती सगळ्यात वर, ठळक. २०१९ मध्ये रिॲक्टमध्ये हुक्स ही नवी सोय आली आणि कोड लिहिण्याची रीतच बदलली. त्याआधीचे लेख आजही शोधात सापडतात, आणि तारीख नसेल तर नवखा माणूस दोन्ही रीती मिसळून बसतो. लेख सुधारणं शक्य नसेल तर वरती एक ओळ घाला: हे अमुक आवृत्तीपर्यंत लागू आहे.

फ्रेमवर्क कोणतं घ्यावं हे एआय सहाय्यकाला विचारलं तर चालेल?

पर्यायांची यादी मिळवायला चालेल. पण ज्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे तेच त्याच्या उत्तरात पुढे येतं, आणि कोडमध्ये जुन्या-नव्या आवृत्त्यांची सरमिसळ होऊ शकते. उत्तर तुमच्या आवृत्तीच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनशी पडताळून घ्या. तुमच्या टीमला काय येतं हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला ठाऊक नसतं, त्यामुळे वर सांगितलेलं ते पान आधी लिहायचंच आहे.

अडल्यावर मदत मागताना प्रश्न कसा लिहावा?

मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, या क्रमानं. एरर पूर्ण द्या, शेवटची ओळ तेवढी नको. फ्रेमवर्क आणि भाषा यांच्या आवृत्त्या लिहा. मग कोड लहान करत जा: लॉगिन काढलं तरी अडचण राहते का, डेटाबेस काढला तरी राहते का, असं तपासत दहा-वीस ओळींवर आणा. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या पाठवण्याआधी काढून टाका. कोड असा कमी करत असतानाच पुष्कळदा चूक सापडते. सापडली तर प्रश्न पुसू नका, खाली उत्तर लिहा, कारण तीच एरर घेऊन आणखी कुणीतरी तिथे येणार आहे.